कर्नल बिल्ड करताना सुरक्षेची यादी कशी भरायची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळते. वजनकाट्याच्या जुन्या सिरियल कार्डासाठी ड्रायव्हरमध्ये थोडा बदल करावा लागतो, म्हणून डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आम्ही स्वतःच बिल्ड करतो. दोन वर्षांपूर्वी ऐन सौद्यांच्या दिवसांत हा सर्व्हर आठ दिवस ॲपआर्मरशिवाय, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने काय करायचं यावर मर्यादा घालणाऱ्या सुरक्षेशिवाय, चालला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. पट्ट्या छापल्या जात होत्या, काटा चालू होता, स्क्रीनवर कुठे एरर नव्हती. त्या आठ दिवसांसाठी हे लिहितेय.

(आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फाइलची मालकी आणि परवानग्या कर्नल पहिल्यांदा तपासतो. तिथे होकार मिळाला तरच एलएसएम, म्हणजे लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूलकडे विचारणा होते. गोदामाची किल्ली हातात असली तरी गेटपास दाखवल्याशिवाय पोतं यार्डाबाहेर जात नाही, तसंच. एलएसएम नकार देऊ शकतं. आधीच मिळालेला नकार मात्र ते फिरवू शकत नाही. आणि नावात मॉड्यूल असलं तरी सेलिनक्स (ॲपआर्मरसारखंच दुसरं एलएसएम) किंवा ॲपआर्मर मागाहून मॉडप्रोबने, म्हणजे चालू कर्नलमध्ये मॉड्यूल घालणाऱ्या आज्ञेने, चढवता येत नाही. ते कर्नलमध्येच बिल्ड व्हावं लागतं, म्हणून बिल्डच्या वेळी चुकलेलं तिथेच सुधारावं लागतं.

बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्समध्ये डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी करा, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा आणि मग 'मेक मेनूकॉन्फिग'. 'सिक्युरिटी ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'एनेबल डिफरंट सिक्युरिटी मॉडेल्स' चालू करा. ॲपआर्मर निवडलं की त्याला लागणारे बाकीचे पर्याय आपोआप चालू होतात. सेलिनक्सचं तसं नाही. 'जनरल सेटअप' मधला ऑडिटिंगचा पर्याय आणि इथला सॉकेट-नेटवर्किंग हुक्सचा पर्याय चालू नसेल, तर सेलिनक्स मेनूत दिसतच नाही. लोक तासभर शोधत बसतात. तुम्ही स्लॅश दाबून नाव टाका, कुठली अट अडली आहे ते तिथेच कळतं.

आता खरी मेख. त्याच पानावर खाली 'फर्स्ट लेगसी मेजर एलएसएम' हा पर्याय आहे आणि त्याच्यानंतर 'ऑर्डर्ड लिस्ट ऑफ एनेबल्ड एलएसएम्स' ही स्वल्पविरामांनी भरलेली ओळ. त्या वेळी मी जुनी फाइल न घेता कोऱ्या कॉन्फिगने सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी नुसती युनिक्स परवानग्यांची निवड ठेवून सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी निवड बदलून ॲपआर्मर केलं, आणि झालं असं समजले. पण यादी एकदा फाइलमध्ये लिहिली गेली की कर्नल फक्त यादीच मानतो, वरच्या निवडीकडे बघत नाही. यादी आदल्या दिवशीचीच राहिली होती. ॲपआर्मर बिल्ड झालं, पण सुरू झालं नाही. एरर का आली नाही? बूट होताना सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमधल्या ॲपआर्मरच्या सेवेला अट आहे, की कर्नलमध्ये ॲपआर्मर चालू असेल तरच सुरू व्हायचं. अट जुळली नाही की ती सेवा गुपचूप वगळली जाते, फेल झाली असं दाखवत नाही.

म्हणून ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आमची ओळ आता अशी आहे: लँडलॉक, लॉकडाउन, यामा (ही तिन्ही छोटी एलएसएम), ॲपआर्मर. सेलिनक्स आणि ॲपआर्मर दोन्ही लिहिली तर आधीचं चालतं आणि दुसरं बाजूला राहतं.

बिल्ड, इन्स्टॉल, रीस्टार्ट झालं की पहिलं काम हेच: 'कॅट /सिस/कर्नल/सिक्युरिटी/एलएसएम'. आठव्या दिवशी मी ही आज्ञा दिली तेव्हा कॅपॅबिलिटी, लँडलॉक, लॉकडाउन, यामा एवढंच आलं. पोटात गोळा आला. कर्नल पुन्हा बिल्ड करायला त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) बूट पॅरामीटर दिला: एलएसएम, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण यादी. पूर्णच द्या. नुसतं ॲपआर्मर लिहिलंत तर यामा आणि लँडलॉक दोन्ही गळतील, कारण हा पॅरामीटर यादीत भर घालत नाही, अख्खी यादी बदलतो.

ॲपआर्मरचं नवीन प्रोफाइल (एका प्रोग्रामसाठीची नियमावली) लगेच सक्तीने लावू नका. आधी 'एए-कम्प्लेन' वर ठेवा: उल्लंघन लॉगमध्ये येतं, काम अडत नाही. आमच्या काट्याच्या प्रोग्रामने पहिल्याच सकाळी सिरियल पोर्टसाठी तक्रारी नोंदवल्या, त्या नियमात भरल्या. सौद्याचा एक पूर्ण दिवस लॉग शांत गेला, मग 'एए-एन्फोर्स'. सेलिनक्सवाल्यांनी परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंदवणाऱ्या) मोडमध्ये हेच करावं.

यामाचं मूल्य सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलणारी आज्ञा) 1 ठेवा. मग साध्या युजरचा एक प्रोसेस दुसऱ्या असंबंधित प्रोसेसची मेमरी पीट्रेसने (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची सोय) वाचू शकत नाही. 3 घाईने लावू नका, ते रीस्टार्टशिवाय मागे घेता येत नाही.

आणि जुना कर्नल ग्रबच्या मेनूत राहू द्या, निदान नव्यावर आठवडाभर सौदे होईपर्यंत.