सरांचं कपाट रिकामं करण्याआधी

मे महिना आला की मला फोन सुरू होतात. इमारत रीडेव्हलपमेंटला चालली, सरांच्या खोलीत कपाटभर कागद आहेत, रद्दीवाला रविवारी येतोय. मी ग्रंथालयातून कधीच निवृत्त झाले, तरी उत्तर ठरलेलं आहे: रद्दीवाल्याला थांबवा, आणि हौशी भाच्यालाही. कागद 'नीट लावणारा' जास्त नुकसान करतो.

सर गणिताच्या नियतकालिकाचे संपादक असतील तर फारच. त्यांच्या एका फायलीत एकाच शोधनिबंधाचं हस्तलिखित, परीक्षकांचे (छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या जाणकारांचे) अभिप्राय, लेखकाचं चिडलेलं उत्तर आणि तपासलेली मुद्रितं असतात. पत्रं एकीकडे आणि निबंध दुसरीकडे केले, की कुठला आक्षेप कुठल्या सिद्धतेवर होता ते कुणालाच कळत नाही. रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला, त्याआधी संपादक नारायण अय्यंगार यांनी तो सुधारणांसाठी पुन्हा पुन्हा परत पाठवला होता. (सोसायटीचं ग्रंथालय तेव्हा आपल्या फर्ग्युसनमध्ये होतं.) असली ये-जा फायलीच्या क्रमातूनच उलगडते.

म्हणून आधी मोबाइलवर कप्प्याकप्प्याचे फोटो काढा. मग फाइल जिथे आहे तिथेच तिला पेन्सिलीने क्रमांक द्या आणि वहीत यादी करा. बॉलपेन लांब ठेवा.

गणिती मंडळी समीकरणांना क्रमांक देतात, पत्रांवर तारीख घालत नाहीत. तेव्हा पाकिटं टाकू नका. तिकिटावर आणे असतील तर पत्र बहुधा १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं. पाठकोऱ्या कागदांवरची आकडेमोडही ठेवा, दोन्ही बाजूंनी पाहा. मागे एखाद्या बैठकीची छापील सूचना असते आणि तीवर तारीख असते.

गंजलेल्या टाचण्या आणि चिकटलेली रबरं हलक्या हाताने काढा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. तुम्हीही धुतलेलं, रंग न जाणारं सुती कापड वापरा. गुळगुळीत फॅक्सचा कागद दिसला तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरं उडतात.

परीक्षकांची नावं असलेले कागद वेगळ्या बंद पाकिटात घाला आणि मूळ जागी 'पाकीट क्र. अमुक' अशी चिठ्ठी ठेवा. ही नावं लेखकाला सहसा कळू दिलेली नसतात, आणि निबंध नाकारला गेलेला लेखक आजही हयात असू शकतो. ग्रंथालयाला कागद देताना ते पाकीट कुणी, कधी उघडायचं हे लेखी ठरवा आणि यादीच्या प्रतीवर पोच घ्या. पत्राचा कागद तुमच्या घरात असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, नाहीतर त्याच्या वारसांचा असतो. तेव्हा कौटुंबिक ग्रुपवर फोटो टाकू नका, आत्याने कितीही आग्रह केला तरी.