फिलाडेल्फिया एका दिवसात पायी कसं बघायचं

बहुतेक लोक फिलाडेल्फियात येतात, लिबर्टी बेल या तडा गेलेल्या जुन्या घंटेसमोर फोटो काढतात आणि दुपारी न्यूयॉर्कची गाडी पकडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे शहर नदीपासून पश्चिमेकडे चालत बघितलं तरच नीट कळतं.

आधी रस्ते समजून घ्या. विल्यम पेनने १६८२ मध्ये शहर वसवलं, आणि लंडनची प्लेग आणि आग त्याच्या डोक्यात असल्यामुळे त्याला रुंद सरळ रस्ते आणि प्रत्येक घराभोवती मोकळी जागा हवी होती. डेलावेअर नदीकडून सुरू करून उभ्या रस्त्यांना नंबर, आडव्यांपैकी बऱ्याच जणांना झाडांची नावं, चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. एवढं लक्षात ठेवलं की मॅप फारसा लागत नाही.

सकाळी लवकर एलफ्रेथ्स अ‍ॅलीत जा, सेकंड स्ट्रीटला लागूनच आहे. पेनला मोठे प्लॉट हवे होते पण कारागिरांना बंदराजवळच राहायचं होतं, मग लोकांनी प्लॉटचे तुकडे पाडून मधून गल्ल्या काढल्या, त्यातलीच ही एक. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली विटांची ३२ घरं, आणि आजही तिथे लोक राहतात, त्यामुळे खिडकीतून आत डोकावू नका प्लीज. वर मात्र बघा, काही घरांच्या वरच्या खिडकीबाहेर छोटे आरसे लावलेत, दारात कोण आलंय ते खाली न उतरता दिसावं म्हणून!

तिथून क्राइस्ट चर्च बाहेरून बघा आणि मार्केट स्ट्रीटवरून फ्रँकलिन कोर्टमध्ये शिरा. बेंजामिन फ्रँकलिनचं घर कधीच पाडलं गेलं, तिथे आता घराच्या आकाराचा नुसता स्टीलचा सांगाडा उभा आहे, भिंती नाहीत काही नाहीत, आणि मला खोटंखोटं घर बांधण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक वाटतं.

इंडिपेन्डन्स हॉलसाठी वर्षातले बरेच महिने ठराविक वेळेचं तिकीट लागतं, तर ते आधीच ऑनलाइन बुक करा, नाहीतर ऐन वेळी हात हलवत परत यावं लागेल. १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना दोन्ही एकाच खोलीत मंजूर झाले. गाइड बोलत असताना समोरच्या उंच खुर्चीकडे बघा, पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. राज्यघटनेवर सह्या होत असताना फ्रँकलिन म्हणाला होता की हा सूर्य उगवतोय का मावळतोय ते मला कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. ती मूळ खुर्ची आहे.

मग लिबर्टी बेल, तिकीट नाही, फक्त सिक्युरिटी. पण आत शिरायच्या आधी शेजारच्या प्रेसिडेंट्स हाउसच्या जागेवर थांबा, मी तर म्हणेन बेलपेक्षा जास्त वेळ इथे द्या. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना इथे राहायचा आणि त्याने नऊ गुलाम माणसं इथे ठेवली होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिन्यांनंतर ती मुक्त झाली असती, म्हणून मुदत भरायच्या आत तो त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणायचा. त्यातली ओना जज नावाची तरुणी १७९६ मध्ये घरचे लोक जेवायला बसलेले असताना निघून गेली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही.

हे माहीत असलं की बेल वेगळी दिसते. तिला 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ केलं ते १८३० च्या दशकात गुलामगिरीच्या विरोधकांनी. आणि ती जी रुंद भेग सगळे दाखवतात ती खरं तर दुरुस्ती आहे, कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून मुद्दाम ड्रिल करून रुंद केलेली, जवळून बघितलं तर ड्रिलच्या खुणा दिसतात. आवाज गेला तो वर निघालेल्या दुसऱ्या बारीक तड्यामुळे.

पायात जोर असेल तर मार्केट स्ट्रीटने सरळ सिटी हॉलपर्यंत चाला. वर पेनचा ३७ फुटी पुतळा आहे, त्याच्या टोपीपेक्षा उंच बिल्डिंग बांधायची नाही हा अलिखित नियम शहराने १९८० च्या दशकापर्यंत पाळला. टॉवरचं तिकीट मिळालं तर पुतळ्याच्या पायाशी जाऊन पूर्वेला बघा, सकाळी जिथून निघालात त्या नदीपर्यंत रस्ता दोरी लावल्यासारखा सरळ गेलेला दिसतो.