नदीची वाट, मळे आणि मोकळी जागा डीपीत टिकवायची तर हरकत अशी घ्या

डीपीचा, म्हणजे शहराच्या विकास योजनेचा, प्रारूप नकाशा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर 'हरित पट्टा वाचवा'चे मेसेज सुरू होतात आणि कोणीतरी छापील फॉर्म घेऊन सोसायटीत सह्या गोळा करायला लागतं. माझं स्पष्ट मत आहे, त्यात वेळ घालवू नका. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स एका गठ्ठ्यात बांधल्या जातात आणि सगळ्यांवर मिळून एक ओळ लिहिली जाते, हे मी पाहिलंय. त्यापेक्षा जमिनीचा नंबर, नकाशा आणि नेमकी मागणी असलेली एकच हरकत जास्त जड पडते. गेली कितीतरी वर्षं मी हरकती लिहितोय, स्वतःच्या आणि लोकांच्याही, नाशकातल्या गोदावरीच्या काठच्या, वालदेवीच्या, नासर्डीच्या, आणि ज्या टिकल्या त्या सगळ्या अशाच होत्या.

आधी नोटीस कसली आहे ते वाचा, कारण मुदत त्यावर असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे एमआरटीपी. त्यातल्या कलम २६ खाली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते आणि हरकतीला ३० दिवस मिळतात. मंजूर डीपीत एखादा फेरबदल करायचा असेल, उदाहरणार्थ बागेचं आरक्षण उठवायचं किंवा शेती विभागातली जमीन रहिवासी विभागात घ्यायची, तर ती कलम ३७ ची नोटीस, तिला एक महिना. ही ३७ ची नोटीस पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात येते आणि बहुतेक मोकळ्या जागा तिथूनच जातात, म्हणून जाहीर सूचनांचं पान रोज बघायची सवय लावून घ्या. नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, हा तिसरा प्रकार. नाशकातल्या मखमलाबाद-हनुमानवाडीच्या योजनेच्या वेळी शेतकऱ्यांमध्ये बाजूची आणि विरोधातली अशी दोन्ही मतं होती, कारण तिथे जमिनीची फेरआखणी होऊन मालकाला कमी क्षेत्राचा अंतिम भूखंड मिळतो, आणि तिची हरकत वेगळ्या धर्तीची असते. हा लेख पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

कागद: सातबारा, गाव नकाशा, डीपीचा भाग नकाशा, जमीन कुठल्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा. एखादा कागद मिळत नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते हे लक्षात घ्या. हरकतीची मुदतही तेवढीच, म्हणून नोटिशीची वाट न बघता आधीच मागून ठेवा.

आता खरी अडचण. सातबाऱ्यावरचा नंबर डीपीच्या नकाशावर नेमका शोधायचा. वाटतं सोपं, पण निम्म्या हरकती इथेच पडतात आणि माझी पहिली हरकतही इथेच पडली.

गोदावरीच्या काठच्या एका गावातली गोष्ट. तिथे दोन मळ्यांच्या मधून नदीवर जाणारी जुनी वाट होती. पोळ्याला बैल धुवायला त्याच वाटेने न्यायचे, गणपती तिथूनच जायचे, दहाव्याला माणसं तिथूनच उतरायची. प्रारूप नकाशात ती वाट नव्हती, नुसता सलग पिवळा रंग, म्हणजे रहिवासी विभाग. मी सातबारा काढला, त्यावरचा गट नंबर हरकतीत लिहिला, चार फोटो लावले आणि निर्धास्त झालो. सुनावणीत त्या गटाचे मालक आपला सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन आले, त्यात वाट नव्हतीच. कारण वाट त्यांच्या गटात नव्हती, बांधाच्या पलीकडे शेजारच्या गटाच्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या भागात होती. शेरा पडला, 'सदर गटात रस्ता आढळून येत नाही'. त्या एका ओळीने माझं सगळं म्हणणं खोटं ठरल्यासारखं झालं आणि काही महिन्यांतच तिथे तार कंपाउंड झालं. ज्या म्हाताऱ्या बाईने मला ती वाट पहिल्यांदा दाखवली होती तिला नंतर तोंड दाखवायला मला जड गेलं. चूक पूर्णपणे माझी होती, नंबर मी जागेवर जुळवून बघितला नव्हता.

तेव्हापासून मी जे करतो ते सविस्तर सांगतो, यातलं काही गाळू नका.

नाशकात एकच नंबरपद्धत नाही. जुन्या शहरात सिटी सर्व्हे नंबर, काही गावांत सर्व्हे नंबर आणि हिस्से, आणि जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे गट नंबर. एकत्रीकरणात दोन-तीन सर्व्हे नंबर मिळून एक गट झालेला असू शकतो, त्यामुळे आजोबांच्या खरेदीखतावरचा ४७ आणि आजच्या सातबाऱ्यावरचा ४७ या दोन पूर्ण वेगळ्या जमिनी असू शकतात. जुना-नवा नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या रेकॉर्डवरून जुळवून घ्या, आणि हिस्सा कुठला याची शंका असेल तर टिपण आणि फाळणी या मोजणीच्या जुन्या कागदांची नक्कल काढा. 'मला माहितीय, ती जागा आमच्याच गटात आहे' असं कोणी कितीही ठासून सांगितलं तरी, आणि सांगणारा तलाठ्याच्या ओळखीचा असला तरी, नक्कल हातात आल्याशिवाय नंबर लिहू नका.

मग गाव नकाशा नीट वाचा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. रेघ बांधावरून जाते का शेताच्या आतून, आणि आतून जात असेल तर कुठल्या नंबरातून, हे भिंगाने बघा, मी खरंच भिंग वापरतो. नदीचं पात्र सरकारचं असतं, जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले आणि त्यांचे तळ शासनाच्या मालकीचे, त्यामुळे शेवटच्या नंबराची हद्द जिथे संपते तिथपर्यंतच वाट सिद्ध करायची असते, पुढे पात्रच आहे.

आता दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे. गाव नकाशा आणि डीपीचा भाग एकाच प्रमाणात प्रिंट करून घ्या, प्लॅनच्या झेरॉक्सवाल्याकडे हे काम होतं, गाव नकाशा बटर पेपरवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कागदावर, आणि डीपी साध्या कागदावर. उत्तर दिशेचा बाण दोन्हीकडे तपासा, डीपीचा भाग कागदावर मावावा म्हणून कधी कधी फिरवलेला असतो. मग तीन कायमच्या खुणा पकडा. गावठाणाची हद्द चालते. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो तिठा सगळ्यात उत्तम. जुनी विहीर, रेल्वे लाईन, गंगापूरचा डावा कालवा हेही चालतं. नदीचा काठ मात्र खूण म्हणून अजिबात पकडू नका, आणि हे मी मोठ्याने सांगतोय कारण प्रत्येक नवा माणूस हेच करतो. नदीची रेघ दोन्ही नकाशांवर ठळक दिसते म्हणून मोह होतो, पण काठ सरकतो, भराव पडतो, पूर येतो, आणि जुन्या मोजणीतला काठ आणि आजचा काठ यात कितीतरी फुटांचा फरक निघतो. तेवढा फरक म्हणजे वाट या गटातून उचलून त्या गटात. माझ्या बाबतीतही वाट अशीच चुकीच्या गटात धरली गेली होती.

तीनही खुणा बसल्या तरच पुढे जा. दोन बसतात आणि तिसरी हलते असं झालं तर प्रमाण चुकलंय, परत प्रिंट काढा, ओढूनताणून बसवू नका. बसल्यावर बटर पेपर खिडकीच्या काचेवर धरा आणि वाट लाल पेनने उतरवून घ्या, ज्या ज्या नंबरांना ती शिवते ते सगळे बाजूला लिहा. मग तो कागद घेऊन जागेवर जा, गावातला म्हातारा माणूस सोबत घ्या, आणि वाट चालून बघा. मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, फोटोत विहीर, झाड, पूल असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या. हे एका दिवसाचं काम आहे आणि बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

पूररेषा याच बटर पेपरवर उतरवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी गोदाघाटावर पाहिलाय त्यांना या रेषा कशासाठी असतात ते सांगायला नको. नकाशात निळ्या रेषेच्या आत रहिवासी विभाग दिसला तर तो मुद्दा हरकतीत सगळ्यात वर लिहा.

हरकत लिहिताना मागणी नेमकी ठेवा. 'मोकळ्या जागा वाचवाव्यात' ही मागणी नाही, ती इच्छा आहे, तिच्यावर अधिकारी काय निर्णय देणार? असं लिहा: 'मौजे अमुक, गट क्र. अमुक व अमुक यांच्या सामाईक हद्दीवरून नदीपात्राकडे जाणारा पायमार्ग गाव नकाशात दर्शविलेला आहे. प्रारूप विकास योजनेत तो दर्शविलेला नाही. सदर मार्ग किमान ६ मीटर रुंदीचा सार्वजनिक रस्ता म्हणून दर्शवावा. सोबत गाव नकाशाची प्रत, जुळणी नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. मला समक्ष सुनावणी मिळावी.' एवढंच. जुळणी नकाशा म्हणजे तोच बटर पेपर. शेवटचं वाक्य विसरू नका. एका हरकतीत एकच जागा, तीन जागा असतील तर तीन अर्ज.

शेतीसाठी लिहिताना एक गोष्ट मनापासून सांगतो. नकाशावरचा फिका हिरवा रंग म्हणजे शेती कायमची वाचली असं नाही. शेती विभागातही २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, फार्महाऊससारख्या बऱ्याच वापरांना परवानगी आहे, आणि गडद हिरवा असतो तो बागेच्या आरक्षणाचा, म्हणजे तिथे पीक नाही, उद्या संपादन आहे. शहरातला माणूस 'इथे गार्डन द्या' म्हणतो तेव्हा ती बाग बऱ्याचदा कोणाच्या तरी चालू द्राक्षबागेवर पडत असते. ती द्राक्षबाग उभी करायला त्या घराने कर्ज काढलेलं असतं, मांडव, तारा, ड्रिप सगळं. आरक्षण पडलं की कलम १२६ खाली वाटाघाटीने मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा संपादन असे मार्ग आहेत खरे, पण तोवर जमीन अडकलेली. म्हणून मोकळी जागा मागताना आधी सरकारी जमीन शोधा, गायरान, नाल्याकाठचा पट्टा, निळ्या रेषेच्या आतला भाग, आणि काठच्या शेतकऱ्याशी आधी बोला. तो स्वतः 'गट शेती विभागातच ठेवा आणि कडेने वाट द्या' अशी हरकत द्यायला तयार झाला तर त्याच्याइतकी मजबूत गोष्ट नाही. वाट शेताच्या मधून मागितली तर तो विरोधात जाणार, बांधाने मागितली तर बहुतेक वेळा ऐकतो.

ले-आउटमधली ओपन स्पेस यात घालू नका, ती वेगळी. ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या ले-आउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तिच्यावर शेड टाकली तर तक्रार बांधकाम परवानगीकडे करायची, डीपीच्या हरकतीत नाही.

अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, ईमेल वेगळा.

सुनावणीला मोजकी मिनिटं मिळतात. समोर नियोजन समिती असते, स्थायी समितीतले सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ. भाषण करू नका. बटर पेपर टेबलावर डीपीच्या भागावर ठेवा, तीन खुणा बोटाने दाखवा, लाल रेघ दाखवा, मागणीचं वाक्य वाचा. नकाशा एकदा डोळ्यासमोर बसला की प्रश्न समितीवालेच विचारतात. गावातला माणूस सोबत असेल तर त्याला वहिवाटीबद्दल दोन वाक्यं बोलू द्या, पोळ्याचं, दहाव्याचं, ते माझ्या-तुमच्यापेक्षा त्याच्या तोंडून खरं वाटतं.

दरम्यान शेताकडे जायची वहिवाटीची वाट कोणी प्रत्यक्ष अडवली तर डीपीची वाट बघत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे अर्ज, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. सातवा महिना लागला की तहसीलदाराचा हा मार्ग बंद आणि दिवाणी कोर्टाची पायरी आली.

हरकत मान्य झाली तरी फाईल बंद करू नका. शासन मंजुरी देताना मोठे बदल सुचवतं तेव्हा कलम ३१ खाली परत एक महिना हरकती मागवतात, तिथे मान्य झालेली वाट पुन्हा गायब होऊ शकते, तोच बटर पेपर तेव्हा परत लागतो. आणि जुन्या आरक्षणांवर नजर ठेवा. कलम १२७ प्रमाणे डीपी अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नाशिकची सुधारित डीपी २०१७ ची, म्हणजे २०२७ पासून बागा, मैदानं आणि नदीकाठच्या आरक्षणांवर अशा नोटिसा देता येणार. तुमच्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी, त्यातली किती ताब्यात आली आणि किती नोटिसा आल्या, हे माहिती अधिकारात आत्ताच मागा आणि दर सहा महिन्यांनी परत मागा, नोटीस आलेली दिसली की त्याच आठवड्यात आयुक्तांना लेखी कळवा की २४ महिने अमुक तारखेला संपतायत.