शेणकिडे मोजायचेत? इंदूरच्या आसपास ट्रॅप असा लावा

पाऊस एकदा नीट लागला की शेणकिडे मोजायचा सीझन सुरू, जुलै ते सप्टेंबर धरा. जंगलाची तब्येत बघायला यापेक्षा स्वस्त काम मला तरी माहीत नाही, कारण हे किडे जनावरांच्या शेणा-लेंड्यांवर जगतात, जनावरं घटली किंवा झाडी तुटली की यांच्यात लवकर फरक पडतो.

जागा बघताना पहिली गोष्ट, रालामंडल अभयारण्य आहे, होळकरांची शिकारीची टेकडी, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय एक खड्डाही खणायचा नाही. सिमरोल-चोरलकडे ओळखीच्या कुणाचं शेत असेल आणि बांधाला लागून झाडी असेल तर उत्तम, पाच ट्रॅप झाडीत, पाच उघड्यावर, दोन ट्रॅपमध्ये निदान 50 मीटर, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याकडचे किडे ओढतो.

ट्रॅप म्हणजे श्रीखंडाचा किलोवाला डबा, बस. तोंड जमिनीच्या बरोबर येईल असा पुरायचा, कडेची माती दाबून सपाट करायची, जरा जरी कड वर राहिली तरी किडा वळसा घालून जातो. आत थोडी ओलसर माती नि पालापाचोळा टाका म्हणजे किडे जिवंत राहतात. वर काडीला मलमलच्या फडक्यात लिंबाएवढं ताजं शेण टांगायचं आणि त्यावर पावसासाठी प्लेट. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, खोलगट जागी डबा चक्क तरंगून वर येतो, म्हणून उतार बघा.

शेण मात्र विचारून घ्या! गाईला नुकतंच जंताचं आयव्हरमेक्टिन दिलेलं असेल तर ते शेणात उतरतं आणि किड्यांच्या अळ्या मरतात, तसलं शेण नको. (स्वच्छतेत नंबर वन शहरातून शेणाची पिशवी घेऊन निघालात की लोक बघणारच, बघू दे.)

48 तास ठेवा, पण सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तपासा, काही जाती दिवसा उडतात आणि कॅथार्सियससारखा मोठा काळा शिंगवाला रात्री. मोजताना नुसता आकडा लिहून भागत नाही, गट लिहा: गोळा ढकलत नेणारे, त्यांचे मागचे पाय लांब नि बारीक, खाली बीळ खणून शेण ओढणारे, पुढचे पाय जाड, दातेरी, आणि शेणातच राहणारे. मोठ्या आकाराचे वेगळे मोजा, कारण जंगल बिघडलं की बऱ्याचदा आधी तेच कमी होतात, आणि तेव्हा बारक्यांची गर्दी बघून एकूण आकडा चांगलाच वाटतो, फसू नका. दिव्यावर येणारे हुमणीचे भुंगेरे यात धरायचे नाहीत, ते त्याच मोठ्या कुळातले असले तरी त्यांचं खाणं वेगळं.

फोटो काढून सोडून द्या. ओंथोफॅगस म्हणजे बहुतेक बारक्या शेणकिड्यांचा एक गट, त्यातली जात फोटोवरून ठरवायच्या भानगडीत पडू नका, शिंगं बहुतेक नरालाच असतात, मादी दुसरीच जात वाटते, त्यामुळे ओंथोफॅगस अ, ब असंच लिहा आणि पुढच्या वर्षीही तीच अक्षरं, तेच डबे, तेवढंच शेण वापरा. नमुने ठेवायचेच असतील तर जबलपूरला झूलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं सेंटर आहे, आधी त्यांच्याशी बोलून घ्या.