भाव चढतोय, मग काढू का ठेवू?

दिवाळी झाल्यानंतरचा रविवार. भाचा आला आणि चप्पल काढायच्या आधीच त्यानं मोबाईल पुढं केला. "मावशी, 210 ला घेतलेला शेअर 395 झाला. काढू का ठेवू?" पंपांचे सुटे भाग करणारी छोटी कंपनी, 40 शेअर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेले. 8,400 रुपयांचे 15,800 झाले होते आणि पोराला दोन रात्री धड झोप नव्हती.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, 19 वर्षं हिशेब लिहिते. अकरा वर्षं स्वतःच्या पैशानं शेअर घेते. हाच प्रश्न कामावरची पोरंही विचारतात, म्हणून त्या दिवशी त्याच्याबरोबर बसून जे केलं ते सगळं इथं लिहिते.

आधी विचारलं, कशासाठी घेतलास? "मित्र म्हणाला." ठीक आहे, घेताना कारण नव्हतं, तर ठेवताना तरी हवं. बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या (एक्स्चेंजच्या) वेबसाईटवर कंपनीचं नाव टाकून अनाउन्समेंट्स, म्हणजे कंपनीनं दिलेल्या सूचना, उघडायच्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सगळ्या वाचायच्या. फुकट आहे, अर्धा तास लागतो. भाव अचानक फार हलला की एक्स्चेंज कंपनीला खुलासा विचारतं, तो खुलासाही तिथंच असतो. "भाववाढीचं कोणतंही कारण आम्हाला माहीत नाही" असं कंपनीच लिहून देत असेल आणि तरी भाव रोज चढत असेल, तर मी निम्म्याहून जास्त माल त्याच आठवड्यात काढते. तिथं थांबायला मला आधारच दिसत नाही.

कारण सापडलं तरी ते टिकणारं आहे का हे बघायचं. जागा विकून आलेला नफा "इतर उत्पन्न" म्हणून निकालात दिसतो, तो पुढच्या वर्षी येत नाही. सरकारी धोरणावर चढलेला शेअर धोरणावरच उतरतो. उसाचं आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. इथेनॉलच्या आशेवर साखरेचे शेअर चढले होते आणि 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. कारखाने तेच, ऊस तोच, पण शेअर त्याच दिवशी घसरले. आठवड्याभरात मनाई थोडी सैल झाली आणि ऑगस्ट 2024 च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी उठली. मधल्या काळात घाबरून विकणारे खूप होते.

भाच्याच्या कंपनीला पाणीपुरवठ्याची मोठी ऑर्डर मिळाली होती. कारण खरं होतं. मग सप्टेंबरअखेरचा निकाल उघडला आणि मी थेट ताळेबंदावर गेले. जून आणि डिसेंबरच्या निकालात ताळेबंद देणं कंपनीला बंधनकारक नसतं, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालात असतं, म्हणून हा निकाल महत्त्वाचा. विक्री 20 टक्क्यांनी वाढलेली. येणं बाकी, म्हणजे आपल्या भाषेत उधारी, 58 कोटींवरून 97 कोटींवर गेलेली.

इथं मी त्याला बराच वेळ थांबवलं, कारण हे मी रोज हातानं लिहिते. आमच्याकडं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, गेटबाहेर पडलं की बिल फाडलं जातं आणि त्याच दिवशी ती विक्री धरली जाते. त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावा लागतो. गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी, तेही दोन फोन केल्यावर. त्या नव्वद दिवसांत वहीवर नफा असतो आणि शनिवारच्या पगाराला मालक बँकेची ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे उचल) वापरतात. म्हणून विक्रीपेक्षा उधारी कितीतरी वेगानं वाढलेली दिसली की मी नफ्याच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोकडीच्या हिशेबात, धंद्यातून आलेली रोकड बघायची. त्याच्या कंपनीची ती उणे होती. म्हणजे कंपनी वाईट असं नाही, मोठी ऑर्डर घेताना असं होतं. पण माल तयार आहे आणि पैसा अजून वाटेत आहे, एवढं समजून ठेवायचं.

पीई, म्हणजे भाव शेअरमागच्या कमाईच्या किती पट आहे, पटकन बघितला. गेल्या वर्षभराची कमाई शेअरमागे 14 रुपये. 210 ला तो 15 पट भाव देत होता, 395 ला 28 पट. कमाई तीच, फक्त लोक जास्त द्यायला तयार झाले. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, शेअर गहाण आहेत का, त्यांनी विकले का, हे शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये दिसतं. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत ते येतं. तिथं सगळं ठीक होतं.

"स्टॉपलॉस लावून ठेवतो की," भाचा म्हणाला. म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर. तेव्हा मी त्याला माझी जुनी वही दाखवली. 62 ला घेतलेले 300 शेअर, दोन महिन्यांत 148 झालेले, शेवटचे दहा दिवस रोज 5 टक्क्यांचं अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जितका चढू शकतो ती मर्यादा. त्या 44,400 रुपयांत मी मनात वरच्या खोलीचा स्लॅब धरून ठेवला होता. मग एका सकाळी लोअर सर्किट, म्हणजे तशीच उतरण्याची मर्यादा, लागलं. 140, 133, 126, रोज बाजार उघडताच विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणी नाही. माझी आधीच लावून ठेवलेली विक्रीची ऑर्डर (जीटीटी) चालू झाली, पण समोर गिऱ्हाईकच नाही तर विकणार कुणाला? आठव्या दिवशी 98 च्या आसपास सुटले. त्या आठ सकाळी सव्वानऊला मोबाईल धरलेला हात थरथरायचा, ते अजून आठवतं. म्हणून ज्या शेअरला 5 टक्क्यांचं सर्किट आहे, जो ट्रेड टू ट्रेडमध्ये (जिथं घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही) किंवा एएसएम यादीत (एक्स्चेंजच्या जादा देखरेखीच्या यादीत) गेलाय, तिथं स्टॉपलॉसच्या भरवशावर राहू नका. अशा शेअरमधून गिऱ्हाईक असतानाच थोडं थोडं निघायचं.

पुढचा प्रश्न पैशाला तारीख आहे का. त्याला मार्चमध्ये कोर्सचे 8,000 भरायचे होते. मग बोलणंच संपलं, तेवढे आधी काढायचे. वर्षाच्या आत लागणारा पैसा चढत्या शेअरमध्ये ठेवायचा नाही, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

395 ला 22 शेअर विकले की 8,690 येतात. मुद्दल हातात, 18 शेअर शिल्लक. लोक म्हणतात, मुद्दल काढलं की उरलेले फुकटचे. मला हे पटत नाही. उरलेले 18 म्हणजे आजचे 7,110 रुपये आहेत आणि ते पडले तर तुमचेच जाणार. तरी नवख्याला मी मुद्दल काढायलाच सांगते, कारण त्यानंतर डोकं शांत राहतं आणि माणूस निकाल नीट वाचतो.

कराचंही सांगितलं. 12 महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के, त्यानंतर साडेबारा टक्के, तेही वर्षातला असा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या वर गेला तर फक्त त्या वरच्या रकमेवर. 23 जुलै 2024 पासून हे दर आहेत. त्याच्या 22 शेअरवर नफा 4,070, कर साधारण 814 आणि वर सेस. अकरा महिने झाले असते तर थांबण्याचा विचार केला असता. दीड महिन्याच्या शेअरला करासाठी धरून बसणं चुकीचं.

जाताना त्यानं टेलिग्रामवरचा एक ग्रुप दाखवला, "800 टार्गेट, होल्ड करा." पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाईटवर तपासता येतो. तिथं क्रमांकच नव्हता.

सोमवारी सकाळी त्यानं 22 शेअर विकायला लावले, 391 ला गेले. उरलेल्या 18 साठी त्याच्याकडून एका पानावर लिहून घेतलं: ऑर्डरचे पैसे येऊन उधारी खाली आली तर ठेवायचे, ती आणखी वाढली तर भाव कितीही असो, काढायचे. मार्चअखेरचा निकाल 30 मेपर्यंत येईल. ते पान माझ्या वहीत ठेवलंय. निकाल लागेल त्या संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलंय.