आयव्हीएफनंतर वजन उचलणं आणि चालणं: ट्रान्सफरपासून बीटापर्यंत

आयव्हीएफमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवून, म्हणजे ट्रान्सफर करून, घरी आलेल्या बाईला दारातच पहिला सल्ला मिळतो, ‘आता हलायचं नाही.’ पायांखाली दोन उशा, जेवण पलंगावर, शिंकसुद्धा जपून. बीटापर्यंतचे, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे, पंधरा दिवस असे काढले की कंबर धरते, पोट साफ होत नाही, झोप जाते, आणि याने गर्भ राहण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच ट्रान्सफरनंतर बेड रेस्ट देऊ नये असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलं. आपल्याकडे उशा अजून तिथेच आहेत.

वजन उचलण्यावर बंधन असतं हे खरं. पण ते गर्भासाठी नाही, अंडाशयांसाठी आहे. एवढं कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप लागतात.

१. आधी फाइल बघा

फाइलवर आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), फ्रेश ट्रान्सफर (ताजा गर्भ) की फ्रोझन ट्रान्सफर (गोठवून ठेवलेला गर्भ), ते पाहा. फ्रेश असेल तर एग पिकअप (अंडाशयांतून अंडी काढणं) होऊन तीन ते पाच दिवसच झालेले असतात, म्हणजे दोन्ही ओव्हरी (अंडाशय) सुजलेल्या असतात. फ्रोझनमध्ये बहुधा त्या मूळ आकाराला आलेल्या असतात. डोनर एगवाल्यांनीही (म्हणजे दुसऱ्या बाईचं अंडं घेणाऱ्यांनी) स्वतःला फ्रोझनमध्येच धरावं. आययूआय गोळ्यांवर झालं असेल तर फारसा फरक पडत नाही. इंजेक्शनं घेऊन तीन-चार अंडी तयार झाली असतील तर फ्रेशचेच नियम थोडे सैल करून पाळावेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेगळ्याच गटाची. पिकअप झालं, पण सगळे एम्ब्रियो (तयार झालेले गर्भ) फ्रीझ केले, ट्रान्सफर पुढच्या महिन्यात. ‘अजून आत काही ठेवलंच नाही, मग कसली भीती’ म्हणत या बायका दुसऱ्या दिवशी धुण्याची बादली उचलतात. ओव्हरी त्यांच्याही सुजलेल्या असतात, म्हणून खरा धोका त्यांनाही असतो.

२. ट्रान्सफर झाल्यावर उठा आणि लघवीला जा

भरलेलं मूत्राशय घेऊन ताटकळू नका. लघवीची वाट वेगळी, गर्भाशयाची वेगळी.

गर्भाशय म्हणजे पोकळ मडकं नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. तूप लावून घडी घातलेल्या पोळीत असा कण ठेवला आणि पोळी उभी धरली, तर तो खाली पडेल का? खोकला, शिंक, जिना, स्कूटरचा धक्का, यातलं काहीही त्याला हलवत नाही. तो राहतो की नाही हे मुख्यतः त्याच्या स्वतःच्या जडणघडणीवर आणि अस्तराच्या तयारीवर ठरतं.

३. वजन

बहुतेक जणी चुकतात ती पायरी हीच. कारण ‘जड उचलू नका’ या वाक्यातलं ‘जड’ म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

ओव्हरी एरवी ३ सेंटिमीटरच्या आसपास, सालीसकट बदामाएवढी. इंजेक्शनांनंतर तीच मोसंबीएवढी होऊ शकते, आणि अशी जड ओव्हरी तिच्या रक्तवाहिन्यांच्या देठावर लोंबकळत असते. झटक्याने कंबर वळवली, उडी मारली, वाकून एका बाजूने ओझं ओढलं, तर देठाला पीळ बसू शकतो. रक्तपुरवठा तुटतो आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर ओव्हरी जाते. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा काही तासांचाच अवधी असतो. पंधराहून जास्त अंडी निघाली असतील किंवा पीसीओएस (ओव्हरीत बरेच छोटे फुगे दिसणारा हार्मोनचा विकार) असेल तर दुप्पट जपा.

म्हणून फ्रेशवाल्या आणि फ्रीझ-ऑलवाल्यांनी पिकअपपासून निदान दोन आठवडे ४-५ किलोच्या वर जाऊ नये. फ्रोझनवाल्यांनी आधी सहज उचलत होतात तेवढं उचलावं, ८-१० किलोपर्यंत, पण कुंथावं लागेल असं काही नको. ‘कुंथणं’ हीच इथली खरी मोजपट्टी. उचलताना श्वास रोखावा लागला की ते वजन तुमच्यासाठी जड, मग काटा काहीही दाखवो. तुमच्या डॉक्टरांनी याहून कडक आकडा दिला असेल तर तोच पाळा. तुमची सोनोग्राफी त्यांनी पाहिली आहे.

घरातली वजनं कोणी मोजत नाही, म्हणून अंदाज फसतात. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, कारण आत १४.२ किलो गॅस आणि बाहेर जवळपास तेवढंच लोखंड. तो घरपोच देणाऱ्या माणसाकडूनच ओट्याखाली ठेवून घ्या. तिरका करून गरगर फिरवत नेणं म्हणजे उचलण्याहून वाईट, कारण त्यात कंबर पिळली जाते. पाण्याचा जार २० किलो. पाच लिटरचा कुकर भातासकट ५-६ किलो, फ्रेशवाल्यांना तोही नको. गिरणीवरचा दहा किलोचा डबा दोन हेलपाट्यांत आणा किंवा नवऱ्याला पाठवा. ओल्या कपड्यांच्या बादलीचं वजन तर सगळ्यांनाच कमी वाटतं. गच्चीवर वाळत घालायचे असतील तर बादली खालीच ठेवा आणि चार-चार कपडे खांद्यावर टाकून न्या.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे शेतात काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, कांद्याची गोणी ५० किलोच्या घरात. दोन्ही पूर्ण बंद, फ्रोझन असलं तरी. द्राक्षाची विरळणी, निवडणं, पॅकिंग बसून किंवा सावलीत उभं राहून खुशाल करा. पाठीवरचा फवारणीचा पंप आणि औषधाच्या वासात उभं राहणं दोन्ही नको. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत लाइनवर असाल तर पंधरा दिवसांची रजा मागण्यापेक्षा डॉक्टरांकडून ‘हलकं काम द्यावं’ अशी चिठ्ठी घ्या. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं, आणि रजा पुढे लागणारच आहे.

लहान मूल असेल तर? दोन वर्षांचं पोर ११-१२ किलोचं असतं आणि ते अचानक अंगावर झेप घेतं. उभ्याने उचलू नका. तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. पोटावर पाय मारत असेल तर मध्ये उशी ठेवा.

उचलायचंच असेल तर पद्धत अशी. आधी पायाने ढकलून बघा. वस्तू सरकत नसेल तर सोडून द्या. पाय खांद्याएवढे फाकवून वस्तूच्या अगदी जवळ उभ्या राहा, गुडघ्यांतून खाली जा, वस्तू पोटाशी धरा, तोंडाने श्वास सोडत उठा. वळायचं असेल तर पावलं टाकत वळा. पाय एका दिशेला आणि कंबर दुसरीकडे, असं कधीच नको. वरच्या फळीवरचा डबा हात ताणून ओढण्यापेक्षा सरळ कोणालातरी हाक मारा.

४. चालणं

फ्रोझन आणि आययूआयवाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून रोज २०-३० मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने चालावं. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करा. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानासारखी सपाट जागा हवी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका. फ्रेशवाल्यांनी दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात, पोट जड वाटलं की थांबावं.

पांडवलेणीच्या पायऱ्या, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, दोरीवरच्या उड्या, झुंबा, जिममधली वजनं, कपालभाती, भस्त्रिका, कंबर पिळणारी आसनं आणि धावणं बीटापर्यंत बंद. सूर्यनमस्कार फ्रोझनवाल्यांनी सवय असेल तर सावकाश तीन-चार. नवस सप्तशृंगीचा असेल तर ट्रॉलीने जा. अनुलोम-विलोम, शवासन चालू ठेवा. स्टीम, सॉना, कढत पाण्याची अंघोळ नको. कोमट पाणी चालतं.

५. प्रवास

मालेगाव, कळवण, सुरगाण्याहून येणाऱ्यांनी त्याच दिवशी घरी जायला हरकत नाही. एसटीची मागची सीट मात्र टाळा. गर्भाचं काही बिघडत नाही, पण सुजलेल्या ओव्हरीला प्रत्येक खड्डा कळतो. दर तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला, कारण इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर असताना पाय लोंबकळत तासन्‌तास बसणं रक्ताच्या गुठळीला आमंत्रण असतं. पलंगावर पडून राहण्यालाही हेच लागू. पिकअपच्या भुलीनंतर २४ तास स्वतः गाडी चालवू नका. स्कूटर मेन स्टँडवर लावायची नाही, साइड स्टँडवर लावायची.

६. औषधांचा त्रास आणि हालचाल

प्रोजेस्टेरॉनने (गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या औषधाने) आतडी मंदावतात. पोट फुगतं, संडासला खडा होतो, आणि मग बाई घाबरून जोर लावतच नाही. जोर लावल्याने गर्भ पडत नाही, पण मूळव्याध होऊ शकते. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, पपई-पेरूवरच्या वादात न पडता एखादं फळ, रात्री डॉक्टरांना विचारून दोन चमचे इसबगोल. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या.

खालून (योनीत) ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी घेतली की १५-२० मिनिटं आडवं व्हा. नंतर पांढरट स्राव येतो तो गोळीचाच. प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन घेतलं की लगेच दहा मिनिटं चाला, गाठ कमी होते. शेक द्यायचा तो कुल्ल्यावर, पोटावर कधीच नाही.

७. केव्हा सगळं सोडून फोन करायचा

ओटीपोटात एका बाजूला अचानक, वळवळायला लावणारी कळ आणि सोबत उलट्या. पोट ताणून वजन एका दिवसात किलोभराने वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं. पॅड भिजेल एवढं रक्त, ताप, चक्कर. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. फ्रेशवाल्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, एकाच काट्यावर वजन करून फाइलच्या मागे लिहून ठेवावं. फोनवर डॉक्टर हाच आकडा विचारतात.

थोडा गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसला तर पलंग गाठायची गरज नाही. डॉक्टरांना कळवा आणि गोळ्या चालू ठेवा. डाग दिसला म्हणून स्वतःच्या मनाने प्रोजेस्टेरॉन बंद करणं ही या दिवसांतली सगळ्यात महागडी चूक.

८. बीटाचा दिवस

सांगितलेल्या तारखेलाच रक्त द्या. उपाशी राहावं लागत नाही. त्याआधी घरी प्रेग्नन्सीची पट्टी बघू नका, कारण फ्रेश सायकलमध्ये पिकअपआधी दिलेलं एचसीजीचं (पट्टी शोधते त्याच हार्मोनचं) ट्रिगर इंजेक्शन दहा-चौदा दिवस अंगात राहून खोटी दुसरी रेघ दाखवू शकतं.

पॉझिटिव्ह आला की फ्रेशवाल्यांना वाटतं, आता ओव्हरीचा प्रश्न संपला. उलट आहे. गर्भाच्या एचसीजीने त्या आणखी काही आठवडे सुजलेल्या राहतात, म्हणून सोनोग्राफीत डॉक्टर ‘ओव्हरी बसल्या’ म्हणेपर्यंत ४-५ किलोचाच नियम. निगेटिव्ह आला तर गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद करा. पाळी काही दिवसांत येते, एरवीपेक्षा जास्त दुखणारी आणि जास्त जाणारी. ती संपल्यावर आणि पोटाचा फुगा उतरल्यावर जिम, टेकडी, सिलिंडर, सगळं पूर्वीसारखं, पहिल्या आठवड्यात निम्म्या वजनाने.