मागचा टायर किती रुंद टाकायचा? आधी रिमवरचा आकडा वाचा

आपल्याकडे नागपुरात पोट्टे स्पोर्ट बाइक घेतात आणि पहिला टायर घासायच्या आतच टायरवाल्याकडे जाऊन विचारतात, भाऊ, मागे १५० बसंल का? तो म्हणतो, बसून जाते ना भाऊ. आणि खरंच बसतो. मी पण असाच बसवला होता. गाडीला कंपनीचा १३०/७०-१७ होता, रिम ३.५० इंच रुंदीची, त्यावर १५०/६० चढवला. फुटाळा तलावावर गाडी लावली की लोक मागून वाकून बघायचे. पण सेमिनरी हिल्सच्या वळणांवर जी गाडी नुसत्या नजरेनं वळायची तिला आता हँडल ढकलून वळवावं लागायचं, आणि एकदा कलली की एकदम खाली पडल्यासारखी वाटायची. शेवटी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावून मोजलं तर टायर भरला १४४ मिलिमीटर. म्हणजे पैसे १५० चे दिले, रुंदी १५० ची मिळालीच नाही आणि वरून हँडलिंग गेलं.

तर असं का होते ते समजून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे. १५०/६०-१७ मधले १५० म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, पण ती ठरलेल्या मापाच्या रिमवर मोजलेली असते. ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, म्हणजे ९० मिमी, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. रिम अर्ध्या इंचानं अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीनं कमी होते, कारण दोन्ही कडा आत दाबल्या जातात आणि टायर मधोमध वर उचलला जाऊन टोकदार होतो. मग सरळ चालताना रस्त्याला फक्त मधला पट्टा टेकतो. मी रोज वर्धा रोडनं सरळ जाणारा माणूस, माझा मधला पट्टा सपाट झाला आणि कडेचं रबर नवंच्या नवं राहिलं.

म्हणून पहिलं काम, कापड घेऊन मागचं रिम पुसा आणि आकडा शोधा. स्पोकवर किंवा रिमच्या आतल्या बाजूला १७ x एमटी ३.५० किंवा ४.०० असं कोरलेलं असते, एमटी म्हणजे रिमच्या कडेचा प्रकार आणि पुढचा आकडा रिमची इंचातली रुंदी, चेनचं तेल आणि धूळ बसून ते झाकलं जाते, टॉर्च मारून बघा. ३.५० ला १३० एकदम बरोबर, ४.०० ला १४०/७०, आणि १५०/६० ला ४.२५ असेल तरच तो खरा खुलतो. १६०/६० साठी ४.५०, १८०/५५ साठी ५.५०, आणि १९० साठी ६ इंच. टायर कंपन्यांच्या चार्टमध्ये यापेक्षा थोडी मोठी रेंज दिलेली असते, माझा १५० पण ३.५० वर चार्टप्रमाणे चालत होता, पण अगदी काठावर. काठावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट उंची, इथं बरेच जण फसतात. १३०/७० ची साइडवॉल ९१ मिमी, १५०/६० ची ९०, म्हणजे जवळजवळ सारखीच. पण कोणी १५०/७० दिला तर ती होते १०५, चाकाचा घेर साडेचार टक्क्यांनी वाढतो, पिकअप सुस्त होतो, आणि एबीएस असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकाच्या वेगाचा हिशेबही बदलतो. त्यामुळे पहिल्या आकड्यासोबत दुसरा पण बघायचाच.

मग जागा. गाडी स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवा आणि चेन, चेनगार्ड, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), मडगार्ड या चारही ठिकाणी टायरपासून किती गॅप आहे ते बघा. मी ५-६ मिमीची एलन की घेतो, ती सगळीकडून आरामात गेली पाहिजे, कारण वेगात टायर थोडा फुगतो आणि आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत रस्ता काय तापतो ते सांगायला नको. अजून एक, नवी चेन टाकली की चाक पुढे सरकते, तेव्हा टायर स्विंगआर्मच्या सगळ्यात जवळ असतो, म्हणून चेन जुनी असताना मोजलेल्या गॅपवर भरवसा ठेवू नका.

लोक म्हणतात जाडा टायर म्हणजे ग्रिप जास्त. हवा आणि वजन तेवढंच असेल तर रस्त्याला टेकणारा भाग फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो, आडवा जास्त आणि लांब कमी. त्याच वळणाला त्याच स्पीडला गाडी उलट जास्त झुकवावी लागते. जुलैत सिमेंट रोडवर पाणी साचलेलं असताना हलक्या गाडीचा रुंद टायर लवकर तरंगतो, तेव्हा भीती वाटते, मनापासून सांगतो. ग्रिप पाहिजे तर कंपनीच्याच साइजमध्ये चांगल्या कंपाउंडचा, म्हणजे चांगल्या रबराचा, रेडियल (आतले धागे आडवे सरळ असलेला) टायर घ्या, तिथं पैसा सत्कारणी लागतो, फक्त पुढे-मागे एकच प्रकार ठेवा, एक रेडियल आणि एक साधा (तिरप्या धाग्यांचा) असं मिसळू नका.

आणि १५०-२०० सीसीवाल्यांनो, सहाशे सीसीच्या सुपरस्पोर्टला १८० असतो कारण तिची ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या वर आहे. आपल्या २०-२५ हॉर्सपॉवरला १३०-१४० पुरून उरते. रिम ४.०० असेल तर १३० वरून १४० ला जायला हरकत नाही, त्याच्या पुढे जायचं तर आधी रिम बदलायचा खर्च धरा.

विकत घेताना साइडवॉलवर ६६एच असं काही दिसेल, ६६ म्हणजे एका टायरला ३०० किलो, एच म्हणजे २१० च्या स्पीडपर्यंत. हे कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. साइडवॉलवर डॉट (DOT) लिहिलेला कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते, ते पण वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, उन्हात दुकानाबाहेर टांगलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. बसवताना टायरवरचा बाण चाक फिरायच्या दिशेनं आहे ना ते स्वतः बघा आणि बॅलन्सिंग करूनच निघा. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर आरामात, रामटेकला जाऊन या, जास्त झुकवू नका, आणि परत आल्यावर चेनगार्डच्या आतल्या बाजूला घासल्याची काळी रेघ पडली का ते बोट फिरवून बघा, पडली असेल तर टायरवाल्याकडे लगेच परत जा.